लाखाचा फोन, दोन हजारांची बॅटरी

२ जानेवारी २०१९ रोजी ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना एक पत्र लिहिलं. सणासुदीच्या तिमाहीत ८९ ते ९३ अब्ज डॉलरचं उत्पन्न होईल, असा अंदाज कंपनीने दोनच महिन्यांपूर्वी दिला होता. तो आता ८४ अब्जांवर आणावा लागत होता. पत्रात मुख्य खापर चीनमधल्या मंदीवर फोडलं होतं, वधारलेल्या डॉलरचाही उल्लेख होता. पण लोक नवा आयफोन घ्यायला पूर्वीइतके पुढे का येत नाहीत, याची कारणं सांगताना कुक यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती: काही ग्राहकांनी स्वस्तात मिळणारी नवी बॅटरी बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर सुमारे १० टक्क्यांनी आपटला.

महागडा नवा फोन घेण्यात अर्थ आहे का, या वादात मला तरी या नोंदीइतका भक्कम पुरावा दुसरा दिसत नाही. फोन विकणारी कंपनीच आपल्या भागधारकांना सांगत होती की या ग्राहकांना जुना फोन नकोसा झाला नव्हता, त्याची बॅटरी नकोशी झाली होती. बॅटरी मिळाली, आणि ते घरी गेले.

हे कसं घडलं ते जरा तपशिलात पाहू. २०१६च्या अखेरीस आयफोन ६एसच्या तक्रारी येऊ लागल्या होत्या. पडद्यावर बॅटरी तीस-चाळीस टक्के दिसत असताना फोन एकाएकी बंद पडे. जानेवारी २०१७मध्ये आयओएस १०.२.१ हे अपडेट आलं आणि बंद पडण्याचं प्रमाण घटलं. नेमकं काय केलं, हे मात्र कंपनीने उघड केलं नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरात एका वापरकर्त्याच्या लक्षात आलं की बॅटरी बदलल्याबरोबर आपला रेंगाळणारा फोन पुन्हा नव्यासारखा पळायला लागला. गीकबेंच ही फोनचा वेग मोजणारी चाचणी तयार करणाऱ्या जॉन पूल यांनी मग आपल्याकडे साठलेल्या नोंदी तपासल्या. एकाच मॉडेलचे फोन साधारण एकाच वेगाचे भरायला हवेत, म्हणजे आलेखात एकच उंच शिखर दिसायला हवं. नव्या अपडेटनंतरच्या आलेखात त्या शिखराशेजारी कमी वेगाची अनेक छोटी शिखरं उभी राहिली होती. कुणीतरी फोनचा वेग पायऱ्यापायऱ्यांनी खाली आणत होतं.

२० डिसेंबरला ॲपलने कबुली दिली, २८ डिसेंबरला माफी मागितली. बॅटरी बदलून देण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आला. भारतात तो साडेसहा हजारांवरून दोन हजार रुपये अधिक कर इतका झाला. पुढे २०२०मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला आणि अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. सवलत २०१८ हे वर्षभर चालली. जगभर लाखो लोकांवर केलेला हा एक अजाणता प्रयोगच होता. त्याचा निष्कर्ष टिम कुक यांच्या त्या पत्रात आहे.

खरं तर ॲपलचं तांत्रिक म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हातारी बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही, त्यामुळे प्रोसेसरला थोडं दमाने घ्यायला लावणं हे फोन रस्त्यात बंद पडण्यापेक्षा बरंच. राग आला तो लपवाछपवीचा. आपला फोन ‘जुना झाला’ असं समजून ज्यांनी दरम्यान नवा घेतला, त्यांना खरं दुखणं कळलंच नव्हतं.

ते दुखणं रासायनिक आहे. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१मध्ये बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूचं ऑक्साइड. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटकडे सरकतात, वापरताना माघारी येतात. पण दर फेरीत थोडं लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एका पातळ थरात अडकून पडतं आणि परत येत नाही. विहिरीत गाळ साचत जावा तसा हा थर वाढतो. त्याने दोन गोष्टी होतात. साठवण घटते, हे सगळ्यांना कळतं. पण बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढतो, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. भरलेल्या बॅटरीचा दाब चार व्होल्टच्या वर असतो. तो तीनाच्या आसपास आला की फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. कॅमेरा उघडला की प्रोसेसर क्षणभर भसकन वीज ओढतो. रोध जास्त असेल तर त्या क्षणी दाब कोसळतो. बॅटरीत माल शिल्लक असतो, पण तो दारातून बाहेर पडत नाही. तीस टक्क्यांवर फोन मरतो तो असा.

बॅटरीचं आयुष्य फेऱ्यांत मोजतात. शून्य ते शंभर इतका वापर झाला की एक फेरी, मग तो एका दिवसात होवो की तीन दिवसांत. बरीच वर्षं ५०० फेऱ्यांनंतर ८० टक्के साठवण उरणं हे प्रमाण मानलं जाई. आयफोन १५ आणि त्यापुढच्या फोनसाठी ॲपल तो आकडा १,००० सांगते. हे झालं प्रयोगशाळेतलं. उष्णता आणि सतत शंभर टक्क्यांवर ठेवणं, या दोन गोष्टींनी तो थर झपाट्याने वाढतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, मोटरसायकलच्या हँडलवर अडकवून नकाशा लावलेला फोन एकीकडे चार्ज होत असेल तर त्या बॅटरीचे हाल विचारू नयेत. (हँडलवर अडकवण्याचा आणखी एक तोटा आहे. मोठ्या मोटरसायकलींच्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची भिंगं स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१मध्ये दिला होता. ‘कॅमेरा धूसर येतोय, नवा फोन घ्यायला हवा’ म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.)

बॅटरी बदलणं म्हणजे काही शस्त्रक्रिया नव्हे, पण पोरखेळही नव्हे. एसटी स्टँडसमोरच्या चांगल्या दुकानात थोडा वेळ उभं राहून पाहावं. कारागीर फोन गरम पट्टीवर ठेवतो, कडेचा गोंद मऊ झाला की रबरी चूषक लावून काच केसभर उचलतो आणि त्या फटीत प्लास्टिकची पातळ पात घालून हळूहळू चारही बाजूंनी फिरवतो. आतले स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने चुंबकाच्या पाटीवर मांडले नाहीत तर लांब स्क्रू चुकीच्या भोकात जाऊन बोर्डच निकामी होतो. बॅटरी दुतर्फी चिकटपट्टीवर बसवलेली असते. ती पट्टी ओढताना तुटली, तर बॅटरी वाकवून काढायचा मोह होतो, आणि वाकलेली बॅटरी पेट घेऊ शकते. म्हणून सराईत माणूस पात घालण्याआधी कडेने स्पिरिटसारखं काहीतरी सोडतो आणि थांबतो. हे थांबणं ज्याच्याकडे नाही त्याला फोन देऊ नये.

प्रश्न असतो तो मालाचा. काउंटरवर ‘ओरिजिनल’, ‘फर्स्ट कॉपी’, ‘साधी’ अशा तीन किमती सांगितल्या जातात, आणि पहिल्या दोहोंतला फरक गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. २०१८पासूनच्या आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी घातली की सेटिंगमध्ये तसा संदेश येतो, त्यामुळे फसवणूक कळते. पण चांगली बाहेरची बॅटरीही संशयित ठरते. अधिकृत केंद्रात महागड्या फोनच्या बॅटरीला आज काही हजार रुपये पडतात. तरी माझ्या मते चार वर्षांच्या फोनवर केलेला तोच सर्वांत शहाणा खर्च आहे.

फोन मंदावण्याचं दुसरं कारण आपण स्वतः भरून ठेवतो. जानेवारी २०१८मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राने बातमी दिली की भारतीयांच्या ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांनी फोन भरून वाहताहेत. त्याच्या आदल्याच महिन्यात गूगलने भारतात फाइल्स गो हे ॲप आणलं होतं, आणि अशी सुप्रभाताची चित्रं शोधून एका झटक्यात पुसण्याची सोय त्यात होती. उगवता सूर्य, गुलाब, वाफाळता चहा आणि खाली सुविचार, यांना ओळखायला गूगलला संगणक शिकवावा लागला, ही आपल्या संस्कृतीची केवढी दखल!

पण यात गंमतीपलीकडचं तंत्र आहे. फोनची साठवण ज्या फ्लॅश मेमरीची असते, तिच्यात जुन्या मजकुरावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी एक पूर्ण कप्पा पुसावा लागतो, मग लिहायचं. रिकामे कप्पे हाताशी असले की काम पटकन होतं. मेमरी ९५ टक्के भरली की रिकामा कप्पा मिळवण्यासाठी आतला माल इकडून तिकडे हलवावा लागतो, आणि तेवढा वेळ तुम्ही बोटाने पडदा घासत राहता. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी जातीची संथ मेमरी असते, महागड्यात यूएफएस नावाची वेगवान. दहा-बारा हजारांचा फोन दोन वर्षांत ‘हँग’ होतो तो प्रोसेसरमुळे कमी आणि या संथ, तुडुंब मेमरीमुळे जास्त. तेव्हा नवा फोन घेताना मेगापिक्सेल विचारण्याऐवजी मेमरी कोणत्या जातीची आहे हे विचारावं. विक्रेता गोंधळेल, पण खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर ते लिहिलेलं असतं. जुन्या फोनबद्दल म्हणायचं तर व्हॉट्सॲपचा आपोआप उतरवण्याचा पर्याय बंद करणं आणि वीस टक्के जागा मोकळी ठेवणं, याला एक पैसाही लागत नाही.

तिसरं म्हातारपण मात्र बरं होण्यासारखं नाही. ते सॉफ्टवेअरचं. बॅटरी नवी, मेमरी मोकळी, काच अभंग, आणि तरी फोन निकामी ठरू शकतो. ५ मे २०२५पासून व्हॉट्सॲपला किमान आयओएस १५.१ लागू लागलं. त्या दिवशी आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस हे फोन आपल्याकडच्या हिशोबाने मेलेच, कारण व्हॉट्सॲप नसलेला फोन भारतात कोण वापरणार? त्याआधी जानेवारीत अँड्रॉइड किटकॅटवाल्यांची हीच गत झाली होती. सुरक्षेचं अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेची आणि यूपीआयची ॲप चालवत राहणं हा धोका वेगळाच, आणि तो दिसत नाही म्हणून जास्त वाईट.

या बाबतीत गेल्या काही वर्षांत खरोखर चांगला बदल झाला आहे. पूर्वी अँड्रॉइड फोनला दोन-तीन वर्षं अपडेट मिळाले तरी नशीब. ऑक्टोबर २०२३मध्ये गूगलने पिक्सेल ८ला सात वर्षांची हमी दिली, जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ला तेवढीच दिली. ॲपल असं आधी जाहीर करत नसे, पण २०१८चा आयफोन एक्सआर २०२४च्या आयओएस १८पर्यंत सोबत चालला. जास्त पैसे मोजून फोन घेण्याचं सर्वांत ठोस कारण माझ्या लेखी हेच आहे, आणि गंमत म्हणजे दुकानात ते कुणी सांगत नाही. तिथे सांगतात कॅमेरा.

कॅमेऱ्याचं बोलायचं तर त्यात तथ्य आहे, पण सांगतात ते नाही. २०० मेगापिक्सेलचा सेन्सर, उदाहरणार्थ २०२३च्या गॅलेक्सी एस२३ अल्ट्रातला, एरवी सोळा-सोळा ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. उन्हात काढलेला गणपतीच्या मिरवणुकीचा फोटो वीस हजारांच्या आणि दीड लाखाच्या फोनवर शेजारी ठेवा आणि व्हॉट्सॲपवरून पाठवा. पाठवताना तो दाबला जातोच, त्यामुळे समोरच्याला फरक शोधावा लागेल. फरक पडतो अंधारात. प्रकाश कणाकणाने येतो, आणि कण जितके कमी तितका चित्रातला खरखरीतपणा जास्त. मोठा सेन्सर आणि रुंद भिंग जास्त कण गोळा करतं, आणि भौतिकशास्त्राच्या या नियमाला जाहिरात वळसा घालू शकत नाही. दुसरा फरक लांबच्या भिंगाचा. शाळेच्या गॅदरिंगला शेवटच्या रांगेत बसून रंगमंचावरच्या आपल्या मुलीचा चेहरा टिपायचा असेल, तर स्वस्त फोनचा ‘झूम’ म्हणजे फक्त कापून मोठं केलेलं चित्र. खरं टेलिफोटो भिंग त्या किमतीत सहसा मिळत नाही.

पण इथेही एक मेख आहे. गूगलने नोव्हेंबर २०१८मध्ये नाइट साइट आणलं. ते एकामागून एक अनेक फोटो काढून, हात हलल्याचा हिशोब करून, त्यांना एकत्र जुळवत असे. अंधारातल्या फोटोंत त्या दशकातली कदाचित सर्वांत मोठी झेप हीच. आणि ती नव्या पिक्सेल ३पुरती ठेवली नाही. २०१६च्या पहिल्या पिक्सेललाही अपडेटने मिळाली. दोन वर्षांच्या जुन्या फोनला एका सकाळी नवे डोळे आले, फुकट. कंपनीची इच्छा असली की काय होऊ शकतं याचा हा नमुना. उलटा नमुनाही आहे. सप्टेंबर २०२३मध्ये ७९,९०० रुपयांना आलेल्या आयफोन १५ला पुढच्याच जूनमध्ये जाहीर झालेली ॲपल इंटेलिजन्स ही एआयची सोय मिळाली नाही, ती त्याच्या प्रो भावंडांपासून पुढे. प्रो फोनांत रॅम जास्त होती, हे खरं. पण वर्षही न झालेल्या ऐंशी हजारांच्या फोनवाल्याला ते ऐकून काय समाधान वाटणार?

आणि किंमत म्हणजे दर्जा असं समजणाऱ्यांसाठी एवढं पुरे: मार्च २०२१मध्ये भारतात १५,९९९ रुपयांपासून मिळणाऱ्या रेडमी नोट १० प्रोचा पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होत होता. २०२४चा ७९,९०० रुपयांचा आयफोन १६ तेव्हाही ६०वरच होता. साध्या आयफोनला ती सोय मिळायला सप्टेंबर २०२५चा आयफोन १७ यावा लागला. त्याआधी २०२१च्या आयफोन १३मध्ये आणि २०२२च्या आयफोन १४मध्ये एकाच नावाची ए१५ चिप होती, आणि दोघांचीही इथली सुरुवातीची किंमत ७९,९००. तेराचा चौदा करणाऱ्यांनी नेमकं काय विकत घेतलं, हे मला अजून समजावून घ्यायचं आहे.

आता हिशोब. दुकानात विचारतात ‘बजेट किती?’ खरा प्रश्न असतो वर्षाला किती पडणार. काही आकडे गृहीत धरू. ऐंशी हजारांचा फोन दोन वर्षं वापरून चाळीस हजारांना विकला, तर वर्षाला वीस हजार गेले. तोच सहा वर्षं वापरला, मध्ये आठ हजारांची बॅटरी घातली, शेवटी आठ हजार सुटले, तर वर्षाला सुमारे १३,३०० रुपये. पस्तीस हजारांचा फोन पाच वर्षं नेला, अडीच हजारांची बॅटरी आणि तेवढीच शेवटची किंमत धरली, तर वर्षाला सात हजार. वीस हजारांचा तीन वर्षांत दोन हजारांवर आला, तर सहा हजार.

‘महाग घ्या, टिकतो, शेवटी स्वस्तच पडतो’ हा युक्तिवाद काउंटरवर हमखास ऐकू येतो. वरचा हिशोब पाहिला तर तो टिकत नाही. सहा वर्षं जपलेला महागडा फोनही मधल्या फोनच्या जवळजवळ दुप्पट पडतो. मात्र फरक आता नेमका दिसतो: वर्षाला सहा हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला पाचशेवर काही रुपये. अंधारातले फोटो, लांबचं भिंग आणि सफाईदार हाताळणी यांसाठी एवढे द्यायचे का, याचं उत्तर माणसागणिक वेगळं येईल. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या, रील बनवून पोट भरणाऱ्या किंवा गावोगाव फिरून बातम्या पाठवणाऱ्या माणसाला ते नक्की परवडतं. त्याचा तो धंद्याचा खर्च आहे. दर दोन वर्षांनी बदलणारा मात्र वर्षाला वीस हजार भरतो, आणि महागडे फोन घेणाऱ्यांत हीच सवय जास्त आढळते. सहा वर्षांच्या टिकाऊपणाचे पैसे द्यायचे आणि दोन वर्षांत तो टिकाऊपणा दुसऱ्याला विकायचा, असा हा व्यवहार आहे. ज्याच्याकडे तो फोन जातो त्याची मात्र चंगळ.

हप्त्यांनी हे सगळं झाकलं जातं. ‘नो कॉस्ट ईएमआय’ हे प्रकरण उलगडून पाहण्यासारखं आहे. व्याज झाकून शून्य टक्क्यांच्या नावाने कर्ज देण्याला रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच आक्षेप घेतला होता. तेव्हापासून रचना साधारण अशी असते: कंपनी किंवा दुकानदार व्याजाइतकी सूट देतो आणि बँक उरलेल्या रकमेवर रीतसर व्याज लावते. ऐंशी हजारांचा फोन, बारा हप्ते, दर १५ टक्के धरला तर कर्ज पडतं सुमारे ७३,८६० रुपयांचं, व्याज सुमारे ६,१४० रुपयांचं, आणि हप्ता ६,६६७चा. ऐंशी हजारच भरले, असं वाटतं. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ११०० रुपये, शिवाय बँकेचं प्रक्रिया शुल्क. ही रक्कम मोठी नाही, मान्य. मोठी गोष्ट ही की रोख देणाऱ्यालाही तीच सहा हजारांची सूट मागता आली असती का, हे कुणी विचारत नाही. विचारावं. कधीकधी मिळते.

करांचा वाटाही लहान नाही. मोबाइलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२०पासून १२चा १८ टक्के झाला. आयफोन १६च्या सुरुवातीच्या ७९,९००मधून तो वजा केला तर उरतात सुमारे ६७,७०० रुपये. अमेरिकेत तोच फोन ७९९ डॉलरला होता, तेही कराविना. तेव्हाच्या साधारण ८४च्या दराने ६७,१००. म्हणजे साध्या मॉडेलचा फरक जवळजवळ सगळा कराचा. प्रोचं चित्र वेगळं होतं. इथे १,१९,९००, तिथे ९९९ डॉलर. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर भरूनही तिथे तो नव्वद हजारांच्या आत बसत होता. तिथल्या एडिसनहून येणाऱ्या भाच्याला ‘येताना एक फोन आण रे’ असा निरोप मामा उगाच पाठवत नाही. फक्त मामाने एवढं लक्षात ठेवावं: आयफोन १४पासून अमेरिकेतल्या आयफोनला सिम घालायचा खाचाच नसतो, सगळं ई-सिमवर. दोन कंपन्यांची कार्डं आलटून पालटून घालणाऱ्याला ती डोकेदुखी ठरते.

साठवणीच्या पायऱ्यांवर कंपन्या सर्वांत सुखाने कमावतात. २०२४मध्ये आयफोन १६चा १२८ जीबीचा फोन ७९,९००ला होता, २५६चा ८९,९००, ५१२चा १,०९,९००. फोन तोच, चिप तीच, पहिल्या पायरीला दहा हजार आणि दुसरीला वीस. कार्ड घालायची सोय नसल्याने आपण मुकाट चढतो. याउलट खाली उतरण्याची पायरी दर सप्टेंबरात येते. आयफोन १६ जाहीर झाला त्या दिवशी आयफोन १५ ७९,९००वरून ६९,९००वर आला, १४ ५९,९००वर. कालपर्यंत ऐंशी हजारांचा असलेला फोन रातोरात काही बिघडला नव्हता. ज्याला महागडाच फोन हवा आहे, त्याने एक वर्ष मागे चालावं. सहापैकी एक वर्षाचं अपडेट जाईल आणि दहा हजार राहतील.

वापरलेला फोन घेणाऱ्यांसाठी २०२३पासून एक चांगली सरकारी सोय झाली आहे. *#०६# डायल केलं की आयएमईआय क्रमांक दिसतो. तो संचार साथी पोर्टलवर टाकला की फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, ते कळतं. मुंबईच्या मनीष मार्केटमधून फोन उचलण्याआधी हे दोन मिनिटांचं काम करायला लाजू नये.

हौसेबद्दल बोललो नाही तर लेख खोटा पडेल. टेबलावर उपडा ठेवलेला फोन आणि त्याच्या पाठीवरचे तीन कॅमेरे पुष्कळ काही सांगतात, आणि ते सांगावं असं वाटणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडे हौसेला मोल नसतं असं म्हणतात. फक्त ती हौस म्हणून घ्यावी, ‘कामासाठी लागतो’ अशी स्वतःची समजूत घालून नव्हे, कारण कामासाठी लागतो म्हटलं की पुढच्या वर्षीही तो लागतोच. आणि तिची एक बाजू आपल्या बिलावर छापलेली नसते: फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा सुमारे ८० टक्के भाग, ॲपलच्याच अहवालांनुसार, तो आपल्या हातात येण्यापूर्वी, बनतानाच झालेला असतो. जुना फोन आणखी दोन वर्षं चालवण्याचा फायदा म्हणून चार्जिंगची वीज वाचवण्याच्या कितीतरी पट जास्त.

युरोपने हा विषय ग्राहकाच्या शहाणपणावर सोडला नाही. २० जून २०२५पासून तिथे विक्रीला येणाऱ्या फोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के साठवण देणारी हवी, विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग मिळायला हवेत. दुरुस्ती किती सोपी, याची ए ते ई अशी श्रेणी खोक्यावर छापावी लागते. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५मध्ये अशाच दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल सादर केला. तो खोक्यावर उतरेपर्यंत काउंटरवर आपणच विचारायला हवं: अपडेट कोणत्या सालापर्यंत, मेमरी कोणत्या जातीची, आणि या मॉडेलची बॅटरी आज बदलायची म्हटलं तर किती. तिसऱ्या प्रश्नाला विक्रेता आतल्या माणसाला हाक मारतो. थांबावं, तो आकडा सांगेपर्यंत कार्ड खिशातच ठेवावं.